ती बाजू तुझी नव्हती

सुखदेव,

परवा तुझ्या शोकसभेत मी एकही वाक्य खोटं बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवापासून मी स्वतःला हेच बजावतो आहे आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गेल्याच महिन्यात सुखदेव तायडे अमरावतीला माझ्या घरी आले होते. युरोपातल्या सहा देशांनी जो सामाईक बाजार मांडला आहे, त्याच्यावर ते दुपारभर बोलले. हा बड्या भांडवलाचा डाव आहे, मजुरांच्या एकीशी त्याचा काही संबंध नाही, मार्क्सवादी माणसाने त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, असं ते सांगत होते. आणि 'हे माझं मत आहे' असं म्हणून सांगत होते." खरं आहे. तू आला होतास. दुपारभर बोललास. 'माझं मत' असंच म्हणालास.

एवढंच सांगायचं मी टाळलं की तो दिवस पालटाचा होता.

अकोल्यातला तो कापूस-जिनिंगच्या मजुरांचा हॉल तुझ्या पायाखालचा. टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, तोच, शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोतून कापून मोठा केलेला, त्यात तुझ्या खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात राहून गेला आहे. समोर खुर्चीवर नागपूरहून आलेले आपले वडीलधारे कॉम्रेड बसले होते. मी खाली बसलो तसे ते उठले. त्यांनी आधी तुझ्या फोटोला हात जोडले, आणि ते नाटक नव्हतं, त्यांचा तुझ्यावर जीव होता. म्हणाले, "तायडे मास्तर शेवटी मार्गावर आले, ह्याचं मोठं समाधान आहे. आता मतभेद संपले. त्यांचा फोटो आपल्या वाचनालयात लागेल." मागच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, मग ही शोकसभा आहे हे ध्यानात येऊन हात आवरले. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं.

पालट म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. पण हे उद्या दुसऱ्या कोणाच्या कानावर पडलं तर त्यालाही कळावं, म्हणून सांगतो. आणि खरं सांगू, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातून उचलून मुंबईच्या राज्यात टाकला, त्या वर्षी आपण दोघं भांडलो होतो. तू म्हणायचास, सगळ्या मराठी मुलुखाबरोबर जायचं, मुंबईसकट जायचं. मी म्हणायचो, पुण्यामुंबईची माणसं आपल्याला हुंगणारसुद्धा नाहीत, आपला वेगळा विदर्भ बरा. मी अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, तू अकोल्याच्या हायस्कुलात इतिहास. दोघंही स्वतःला मार्क्सवादी म्हणवायचो आणि दोघंही एकमेकांना अडाणी म्हणायचो. भांडण इतकं टोकाला गेलं की तू माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आलास, जेवलास, आणि माझ्याशी न बोलता परत गेलास. आई म्हणाली, "तो मास्तर रुसला कावून रे?" मी म्हणालो, राज्यावरून. तिला वाटलं मी थट्टा करतो आहे.

मग एका रविवारी तू सरळ दारात उभा. चप्पल काढायच्या आधीच म्हणालास, "मनोहर, असं नाई जमत. आज मी तुह्या बाजूनं बोलतो, तू माह्या बाजूनं बोल. पाहू कोनाले कोनाचं किती समजलं."

तिथून पालट सुरू झाला. एक रविवार अमरावतीला, एक अकोल्याला. दर खेपेला एकमेकांची बाजू घ्यायची. नियम तूच केलेस, मास्तरच ना तू. पहिला नियम असा की समोरच्याची बाजू घेतली तर 'मनोहर असं म्हणतो' असं म्हणायचं नाही, 'माझं मत' म्हणायचं, आणि मनापासून भांडायचं. अर्धवट भांडलं की तू पट्टी घेऊन मागे लागायचास. दुसरा नियम असा की बोलणं संपलं की स्टेशनावर जाईपर्यंत त्या विषयाचा शब्द काढायचा नाही. आणि तिसरा, फलाटावर, गाडी हलायच्या आधी, प्रत्येकाने आपलं खरं मत एका वाक्यात सांगायचं. तू अमरावतीला आलास की मी शटलमधून बदनेऱ्यापर्यंत तुला सोडायला यायचो, ते त्यासाठीच. बदनेऱ्याच्या फलाटावर खोटं बोलायचं नाही, असा आपला कायदा होता.

विदर्भाचा विषय काही महिन्यांत विटला. तेवढ्यात तू वर्तमानपत्राचा एक तुकडा घेऊन आलास. आतल्या पानावर, कापसाच्या भावाच्या खाली, दोन बोटांएवढी बातमी. युरोपातल्या सहा देशांनी करार केला, आपापसातली जकात उठवायची, माल आणि मजूर एकमेकांकडे मोकळे सोडायचे. तुझा चेहरा असा झाला होता की जणू तुझ्याच मुलाचा निकाल लागला आहे. "पाह्य मनोहर," तू म्हणालास, "मघापर्यंत एकमेकांचे गळे कापून राहिले होते. आता कोयसा अन् लोखंड एका टोपल्यात टाकून बसले." मी म्हणालो, टोपली कोणाची ते बघ आधी. त्यावर आपली पुढची सगळी वर्षं गेली.

लोक हसायचे आपल्याला. माझी बायको म्हणायची, घरात रॉकेल नाही आणि तुम्हाला बेल्जमची काळजी. ती बेल्जमच म्हणायची. तिचं चुकत नव्हतं. पण आपण काही हवेत बोलत नव्हतो. माझ्या वडिलांचा कापूस आणि तुझ्या मामाची पाठ, दोन्ही त्याच बाजारात गेली होती. मामा कापसाच्या प्रेसमध्ये गाठी उचलायचे. त्या गाठी आगगाडीने मुंबईला आणि तिथून जहाजाने युरोपात. तू म्हणायचास, "आपला वऱ्हाड युरोपच्या बाजारात लय आधीपासून हाये बे. आपल्याले फक्त कोनं इचारलं नाई."

तुझं म्हणणं मी इथे नीट मांडतो. पालट नाही हा. जसं होतं तसं मांडतो.

तू कधीच म्हणाला नाहीस की तो बाजार चांगला आहे. तो शेठजींनी शेठजींसाठी उघडला, हे तुला माझ्याइतकंच दिसत होतं. तुझं म्हणणं एवढंच होतं की मार्क्सवाद्याने त्याला घाबरून राष्ट्राच्या आडोशाला जाऊन बसू नये. मजुराला मजूर भेटायचा तर मधली भिंत पडायलाच हवी, आणि जगात भिंती पाडायचं काम आजपर्यंत पैसेवाल्यांनीच केलं आहे, आपल्या फायद्यासाठी केलं आहे. "सरहद्द पाडणारा शेठ हाये म्हणून सरहद्द चांगली होते काय?" असं तू विचारायचास आणि माझ्याकडे बघत राहायचास. जर्मन खाणीतला मजूर आणि फ्रेंच खाणीतला मजूर आता एकाच मालकाकडे काम करतील, एकाच मालकाविरुद्ध संप करतील. तो संप होईल की नाही, हे मात्र त्यांच्या हातात. ते काम कोणी त्यांच्यासाठी करणार नाही, पक्षही नाही.

माझं म्हणणं, भिंत आत पाडली आणि बाहेर उंच केली. सहा जण एकमेकांना जकात लावणार नाहीत, पण आपल्या कापडाला लावतील. वर आफ्रिकेतल्या त्यांच्या ताब्यातल्या मुलखांनाही दावणीला बांधून आणलं, स्वस्त माल पुरवायला. गरिबाच्या दृष्टीने हे कुंपणच झालं, पुन्हा मोठं आणि मजबूत. ह्याला एकजूट म्हणायचं असेल तर जिनवाल्या शेठांनी मिळून भाव ठरवले तर तीही एकजूटच. ह्यावर तू नेहमी वहिनींना चहा मागायचास.

तुझ्या त्या संत्र्यांची आठवण येते. अमरावतीहून तू संत्र्यांची करंडी घेऊन अकोल्याला गेलास आणि स्टेशनाबाहेर जकात नाक्यावरच्या कारकुनाने तुला अडवलं. तू त्याच्याशी हुज्जत घातलीस. जर्मनीचा कोळसा फ्रान्सात बिनाजकातीचा जातो, आणि अमरावतीची संत्री अकोल्यात जात नाहीत, हे कोणत्या तोंडाने तुम्ही सांगता? कारकून शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुमी जर्मनीहून आणले असते तं सोडले असते." मग तू तिथेच करंडी उघडून बसलास, नाक्यावरच्या सगळ्यांना एकेक संत्रं दिलंस आणि रिकामी करंडी घेऊन घरी गेलास. वहिनींनी ते मला हसत हसत सांगितलं. मग तू पालटाच्या दिवशी, माझ्या बाजूने बोलताना, हाच किस्सा उलटा करून माझ्या तोंडावर मारलास. जकात उठली तर नाक्यावरच्या गरीब कारकुनाची नोकरी जाते, म्हणालास, त्याला तुमचा बाजार काय देणार? मला ते कधी सुचलं नव्हतं. माझी बाजू तू माझ्यापेक्षा बरी मांडायचास, सुखदेव. हा माझा अपमान होता आणि मला तो आवडायचा.

एकदाच मात्र तू मला खरंच गप्प केलंस. अकोल्याला तुझ्या अंगणात, बाजेवर. तू बाजू घेऊन बोलत नव्हतास, पालटही नव्हता, सहज बोलत होतास. तू म्हणालास, "आमच्या गावची वेस आमच्यासाठी बंद होती. इंग्रजानं आगगाडी आनली ती कापूस न्यायले. आमच्या भल्यासाठी नाई. पन माहा मामा त्याच गाडीत बसून गावातून भायेर पडला, अन् म्हणून मी शाळेत गेलो. दार कोनं उघडलं अन् कावून उघडलं, हे मले आत गेल्यावर समजलं. भायेर उभा राहून मी चौकशी करत बसलो नाई." मग पुढे म्हणालास, "तुमच्याकडे वेस आधीच उघडी होती मनोहर. म्हणून तुले चौकशी करायले फुरसत हाये."

आमची जमीन काळी, तीन पिढ्यांची. तुझी छप्पन साली नागपूरची दीक्षा. हे आपल्यात कधी आलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. तुला तसं वाटत नव्हतं, हे त्या दिवशी कळलं. तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी घरी आलो आणि पुढचे कितीतरी दिवस युरोपाचा विचार करायला बसलो की मला आमच्या गावाची वेस दिसायची, आणि त्या वेशीतून मी कसा पळत जायचो ते आठवायचं.

त्यानंतर तू ती चूक केलीस. चूक म्हणजे लोकांच्या मते. मजुरांच्या त्याच हॉलमध्ये, जिथे तू एका आड एक रविवारी सकाळी पक्षाचा अभ्यासवर्ग घ्यायचास, तू हे सगळं उघड बोललास. पालट नाही, फलाट नाही, भर सभेत. युरोपातल्या पक्षांनी ह्या बाजाराला नुसता विरोध करून चालणार नाही, त्याच्या आत शिरून मजुरांची एकी बांधली पाहिजे, मार्क्सवादाला त्यात बाधा येत नाही, असं. सभेत एकदम कुजबुज झाली. वडीलधारे कॉम्रेड उठले आणि म्हणाले, "आधी दीक्षा, आता युरोप. तायडे मास्तर, तुमचं नक्की आहे काय?" तू म्हणालास, "जे बोललो ते." कोणीतरी मागून 'शेठजीचा वकील' असं ओरडलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मी चष्मा पुसला.

तुझा वर्ग काढून घेतला आणि मला दिला. मी घेतला. अमरावतीहून वर्गाच्या दर रविवारी येईन म्हणालो, वरून असंही म्हणालो की तुझा वर्ग दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा माझ्या हाती बरा. तुलाही तसंच सांगितलं. तू म्हणालास, "हो, बराच." आणि पुढच्या रविवारी तू येऊन मागे सतरंजीवर बसलास. वर्ग संपला की सतरंजी झटकून, घडी करून कोपऱ्यात ठेवायचास. मग तुझ्या घरी जेवण आणि मग पालट. तुझ्या तोंडातून त्या विषयाची तक्रार मी एकदाही ऐकली नाही. तू एकदा जरी चिडला असतास तरी मला आज जरा बरं वाटलं असतं.

आता शेवटचा रविवार.

तू माझ्याकडे आलास. थकलेला दिसत होतास, मी म्हटलंही, तू म्हणालास गाडीत जागा मिळाली नाही. पालटाप्रमाणे तू माझी बाजू मांडणार होतास. तू मांडलीस. त्या दिवशीसारखं तू कधी बोलला नव्हतास. बाहेरच्या कुंपणाची गोष्ट, आफ्रिकेची, आपल्या कापसाची, सगळी एकात एक गुंतवून. बायकोने भाकरी, ठेचा आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली तरी तू थांबला नाहीस, घास हातात धरून बोलत होतास. मी तुझी बाजू घेऊन उत्तर देत होतो आणि मला जाणवत होतं की मी पालट करत नाही आहे. मी जे बोलत होतो ते मला पटलेलं होतं. बहुतेक त्या बाजेवरच्या संध्याकाळपासूनच पटलेलं होतं. तुझ्या बाजूने बोलायला मी रविवारची वाट बघायचो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल करावं लागलं.

बदनेऱ्याला तुझी गाडी उशिराने आली. तू डब्याच्या दारात उभा राहिलास, एक हात दांडीला. नियमाप्रमाणे तू आधी सांगितलंस. "माहं बदललं नाई. तुहं काय?"

आणि मी म्हणालो, "माझंही जुनंच."

का म्हणालो? वर्ग माझ्याकडे होता. कॉम्रेडांचा विश्वास होता. तुझं जे झालं ते मी चष्मा पुसत पाहिलं होतं, आणि मला ते माझ्या बाबतीत नको होतं. पण फलाटावर ऐकायला कोण होतं? तू आणि एक चहावाला. तुला सांगितलं असतं तर तू कोणाला सांगणार होतास? तुला सांगितलं असतं तर मला ते उद्या हॉलमध्ये सांगावं लागलं असतं, कारण तू माझ्याकडे नुसतं बघितलं असतंस. म्हणून मी तुझ्याशी बदनेऱ्याच्या फलाटावर खोटं बोललो. तू माझ्याकडे जरा वेळ पाहिलंस. "ठीक हाये," म्हणालास. मग गाडी हलली आणि तू हात केलास, नेहमीसारखा, कोपरापासून.

तू समजलास का? हे मला आता कधी कळणार नाही. समजला असशील तर तू ते माझ्यावर सोडून दिलंस. समजला नसशील तर तू ह्या जगातून गेलास तेव्हा तुला वाटत होतं की तू एकटाच आहेस.

शाळेतच, वर्गात खडू हातात असताना तू गेलास, असं मला कळवणाऱ्याने सांगितलं. मी आलो तेव्हा तुझ्या अंगणात माणसं मावत नव्हती. वंदना चालली होती. मला तिचे शब्द येत नाहीत, इतकी वर्षं येणंजाणं असून मी कधी विचारले नाहीत. मी कडेला हात जोडून उभा राहिलो. कॉम्रेड तेव्हा आले नाहीत. शोकसभेला आले.

आणि शोकसभेत मी काय करायला गेलो, ते तू ऐक. मला वाटलं, तुला परत आत घ्यावं. तुझ्यावरचा तो शिक्का पुसावा. मी मनात म्हणालो, ह्या लोकांनी तुला मागे सतरंजीवर बसवलं, आता मी तुला पंगतीत आणून बसवतो. माझं एक वाक्य पुरेल. आणि पुरलं. किती सोपं होतं, सुखदेव. तू दुपारभर मन लावून जी बाजू माझ्यासाठी लढवलीस, तीच मी उचलली आणि तुझ्या फोटोला घातली. आपल्या खेळाचा नियम कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे मला पकडणारंही कोणी नव्हतं.

एक जण होतं. हॉलच्या बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, वहिनींनी मला गाठलं. त्यांच्याबरोबर बायका होत्या, त्यांना त्यांनी पुढे जायला सांगितलं. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो तं पालटीचा दिवस होता ना?"

मी मान हलवली.

"मले ठाव हाये. घरी आल्ते तवा हसून राहिले होते. म्हणे, आज मनोहरची बाजू मनोहरापेक्षा बेस मांडली. अन् मंग म्हणे, तोही आज लय बेस बोलला." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमाले मालूम होतं. मंग कावून सांगतलं असं?"

मी म्हणालो, वहिनी, लोकांच्या मनात त्याच्याबद्दल जे होतं ते जावं म्हणून. त्यांनी त्याला माफ करावं म्हणून.

"माफ?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "त्याईनं कोनाची माफी मांगतली होती?"

मग त्यांनी आपली चप्पल शोधली, घातली, आणि त्या बायकांच्या मागे गेल्या. मी तिथेच उभा राहिलो. माणसं बाहेर येत होती आणि माझा हात हातात घेऊन सांगत होती की तुम्ही मित्रासाठी फार चांगलं बोललात.

तेव्हापासून मी लाजेने कोणाकडे बघत नाही. कॉलेजात पोरांना मागणी-पुरवठा शिकवताना मध्येच थांबतो. बायकोने विचारलं, काय झालं, तर तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "भावजींनी तुमच्यासारखं केलं असतं काय?" आणि माझ्याकडे न बघता तव्यावर टाकली.

नसतं केलंस. मी आधी गेलो असतो आणि तू माझ्या शोकसभेत उभा राहिला असतास, तर तू पहिलं वाक्य हेच बोलला असतास की मनोहर माझ्याशी सहमत नव्हता. आणि माझी बाजू तू तिथेही इतकी चांगली मांडली असतीस की मला खाली उतरून टाळी द्यावीशी वाटली असती. तुझ्यासारखा विरोधक मिळाला म्हणून मी निम्मा तरी विचार करायला शिकलो. बाकीचा निम्मा तू शिकवला होतास आणि तो मी वापरला नाही.

काल मी अकोल्याला जाऊन आलो. तुझ्या घरी. वहिनींनी पाणी दिलं. मी म्हणालो, रविवारी वर्ग आहे, कॉम्रेडही थांबले आहेत, मी तिथे जे खरं आहे ते सांगणार आहे. फोटोचं ते काय करायचं ते ठरवतील. कदाचित वाचनालयात लावणार नाहीत. चालेल का?

वहिनींनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. मग म्हणाल्या, "फोटो घरी हाये आमच्या." आणि जरा वेळाने, "मी येईन. मांगं सतरंजीवर बसीन."

बाहेरच्या कुंपणाचं उत्तर तू मला शेवटपर्यंत दिलं नाहीस, हे मात्र मी विसरलेलो नाही. ते कोणी विचारेल आणि माझ्याकडेही ते नाही. मी तसंच सांगीन. पुढे युरोपात काय होईल ते तूही पाहणार नाहीस आणि मीही कदाचित पाहणार नाही. इंग्लंड त्या बाजारात शिरायला गेलं आणि त्याला दारातूनच परत पाठवलं म्हणून तू किती हसला होतास. पण दार होतं म्हणून परत तरी पाठवता आलं, असंही म्हणाला होतास.

उद्या रविवार. आपल्या हिशेबाने उद्या पालट माझा, म्हणजे तुझ्या बाजूने बोलायची पाळी माझी. तू ज्या जागी उभा राहून बोललास त्याच जागी मी उभा राहणार. आधी पालट म्हणजे काय ते सांगीन, परवा मी काय लपवलं ते सांगीन, मग बोलायला लागेन. 'सुखदेव असं म्हणायचा' असं एकदाही म्हणणार नाही, कारण तो नियम आहे. 'माझं मत' म्हणूनच सुरुवात करीन.

संध्याकाळच्या गाडीने परत येताना मी बदनेऱ्याला उतरेन. शटल यायला तिथे वेळ असतो. तू नसशील, पण तू विचारायचास ते विचारलं गेलं असं मी धरीन, तुहं काय? आणि ह्या खेपेला हॉलमध्ये जे बोललो तेच फलाटावर सांगीन.